लेकरं, घरचे आणि विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळीत मी वीस वर्षांपासून संडे स्कूल घेते आणि महिन्यातून एकदा आयांची प्रार्थनासभा भरवते. उपासना सुटली की कोणीतरी चप्पल घालता घालता थांबते, "ताई, एक विचारू का?" काही जणी चिठ्ठी देतात. काही जणी रात्री दहानंतर फोन करतात, कारण तेव्हा घरातले झोपलेले असतात. तेच ते प्रश्न फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढले आहेत. मी पाळक नाही, वकीलही नाही; बायबल वाचणारी दोन लेकरांची आई आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अवघड पुढे. पण तुमच्या घरात आत्ताच मारझोड चालू असेल, लेकराला कोणी त्रास देत असेल किंवा कोणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर बाकी सगळे सोडून प्रश्न १३, १५ आणि १६ वाचा.

१. घरात रोज प्रार्थना व्हावी असं वाटतं, पण आम्ही दोघंही मजुरीला जातो. रात्री जेवता जेवता डोळे मिटतात. कसं जमवायचं?

पाच मिनिटे पुरतात. देवाची वचने लेकरांच्या मनावर बिंबवा असे अनुवाद ६:७ मध्ये सांगितले आहे, आणि ते कधी करायचे हेही तिथेच आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. वावरात जाताना लेकरू सोबत असेल तर तीच तुमची वाट. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी वाचन बंदच असायचे. ताटे वाढली की प्रत्येकाने दिवसातल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे, एवढेच. माझा धाकटा तीन महिने रोज शेळीसाठीच आभार मानत होता. मानू दिले.

एक मात्र सांभाळा. प्रार्थनेच्या नावाखाली लेकराची तक्रार देवाकडे करू नका. "प्रभू, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे" असे त्याच्यादेखत मोठ्याने म्हटले की ते टोमणा मारणे होते, आणि पोराला ते बरोबर कळते.

२. आईबापांनी लेकरांशी कसं वागावं, हे बायबल थोडक्यात काय सांगतं?

इफिसकरांस ६:४ आणि कलस्सैकरांस ३:२१ ही दोन वचने पाठ करून ठेवा. दोन्ही बापांना उद्देशून आहेत आणि दोन्हींची सुरुवात मनाईने होते: लेकरांना चिडीस आणू नका, ती खचून जातील. शिस्त आणि शिकवण त्यानंतर येते. ही पत्रे लिहिणाऱ्या पौलाच्या काळात रोमी कायद्याने बापाला घरावर जवळजवळ पूर्ण अधिकार दिलेला होता. अशा बापाला "आधी तू स्वतःला आवर" म्हणणे लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडे अजूनही लेकरांचे सगळे आई बघते आणि बाप फक्त रागवायला उरतो. बापांना ही वचने मी दरवर्षी मोठ्याने वाचायला लावते.

३. छडी आवरणारा आपल्या मुलाचा वैरी, असं नीतिसूत्रांत आहे. मग मुलांना मारायचं की नाही?

नीतिसूत्रे १३:२४ आहे, ते झाकून ठेवायचे कारण नाही. पण तिथे छडीसाठी मूळ हिब्रूत जो 'शेबेट' हा शब्द आहे, तोच स्तोत्र २३ मध्ये आहे, जिथे दावीद म्हणतो की तुझी काठी मला धीर देते. ती मेंढपाळाची काठी. उन्हाळ्यात आपल्या रिकाम्या वावरांत मेंढरे बसवायला येतात, त्या मेंढपाळांच्या हातातली काठी बघा. ती मेंढराला वळवते, विहिरीच्या काठावरून मागे आणते, कुत्र्यालांडग्यावर उगारली जाते. ज्या काठीने धीर यायला हवा, तिच्या नुसत्या आवाजाने लेकरू पलंगाखाली लपत असेल, तर काठी धरण्यातच आपली चूक होते आहे.

हलकी चापट चालते असे मानणारे प्रेमळ आईबाप आमच्या मंडळीत आहेत. माझे त्यांच्याशी या बाबतीत जुळत नाही, आणि त्याला कारण आहे. माझा थोरला सात वर्षांचा असताना दळणाचे पन्नास रुपये सापडेनात. त्याने घेतले असे धरून मी त्याला दोन थपडा मारल्या. संध्याकाळी पैसे पिठाच्या डब्याखाली निघाले. मीच ठेवले होते. घरात पैसा नव्हता, त्याची भीती मी लेकराच्या गालावर काढली होती, आणि तोंडाने त्याला शिस्त म्हणत होते.

शिक्षा द्यायची तर डोके शांत झाल्यावर द्या, कारण सांगून द्या, आणि चुकीच्या मापाची द्या: सांडले ते पुसणे, मोडले ते दुरुस्त करायला मदत करणे, दोन दिवस मोबाइल बंद. आणि शाळेत जाऊन "सर, माझ्या पोराला झोडा, माझी परवानगी आहे" असे सांगू नका. शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. तुमच्या परवानगीने ती उठत नाही.

४. मोठ्यांनी लेकराची माफी मागितली तर धाक कसा राहील?

धाक थोडा कमी होईल, होऊ द्या. वरच्या पन्नास रुपयांनंतर मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तू खरं बोलत होतास." तो काही बोलला नाही, त्याने भाकर मागितली. दोन वर्षांनी शाळेच्या खिडकीची काच त्याच्या हातून फुटली, तेव्हा गुरुजींचा निरोप यायच्या आत त्याने घरी येऊन सांगितले.

माफी मागताना तिला "पण तूही तर" जोडू नका. दावीद राजा होता, तरी नाथान संदेष्ट्यासमोर कारणे सांगत बसला नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले, एवढेच म्हणाला (२ शमुवेल १२:१३). घरात पहिल्यांदा कोणी वाकायचे असा प्रश्न आला की माझे उत्तर ठरलेले आहे: ज्याच्या हातात जास्त जोर आहे त्याने.

५. नवरा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मी अलायन्सची (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स). त्याच्या घरचे म्हणतात बाळाचा बाप्तिस्मा लगेच करा, माझे म्हणतात मोठं झाल्यावर. काय करू?

अकोला, अमरावतीकडच्या सोयरिकींत हा प्रश्न हमखास निघतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना आपल्या नागपुरातच झाली, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा मंडळ्या एकत्र येऊन. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारेही होते. दोन्ही पद्धती मान्य करूनच ते एक झाले. त्यामुळे आत्ता बाळाचे अर्पण करायचे (मंडळीत प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवायचे) आणि बाप्तिस्मा त्याला समज आल्यावर, असा मार्ग दोन्हीकडच्या पाळकांशी बोलून निघू शकतो. पण आधी तुम्ही दोघे एकट्याने बसून ठरवा. मग आपापल्या आईबापांना आपापल्या तोंडाने सांगा. सुनेने सासऱ्यांना सांगायची वेळ येऊ देऊ नका.

६. पोळा, गणपतीचा प्रसाद, महालक्ष्म्यांचं जेवण. लेकरांना पाठवायचं की नाही?

यावर पौलाने १ करिंथकरांसच्या ८ व्या आणि १० व्या अध्यायात बरेच लिहिले आहे, कारण करिंथच्या विश्वासणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले खा, खोदून विचारत बसू नका. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या माणसासाठी आणि विवेकासाठी ते खाऊ नका. सगळ्या घरांचा निर्णय सारखा नसतो आणि रोमकरांस १४ त्यावरून एकमेकांना नावे ठेवायला मनाई करते. प्रसाद न घेणाऱ्या घराने घेणाऱ्या घराला कच्चे म्हणू नये, घेणाऱ्याने न घेणाऱ्याला कडवे म्हणू नये.

आमच्या घरचे सांगते. पोळ्याला आम्ही आरती करत नाही, पण बैल धुतो, शिंगे रंगवतो, त्यांना त्या दिवशी जुंपत नाही आणि पुरणपोळी खाऊ घालतो. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे १२:१० मध्ये आहे. वर्षभर राबणाऱ्या बैलाचे उपकार मानायला मला त्यात कुठे अडचण दिसत नाही. तान्ह्या पोळ्याला धाकटा लाकडी बैल घेऊन गल्लीत जायचा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला शेजारच्या काकू बोलावतात तेव्हा मी जाते, पंगतीत बसते, पूजेच्या वेळी मागे थांबते. काकूंना ते ठाऊक आहे. नाताळात आमच्या करंज्या आधी त्यांच्याकडे जातात.

लेकराला मात्र तयार करून पाठवा. "हात जोडत नाही का रे?" असे कोणी विचारले तर काय बोलायचे, हे त्याला घरीच शिकवा. माझी मुले म्हणायची, "काकू, आम्ही प्रार्थना वेगळी करतो." दुसऱ्याच्या देवाला हसायचे नाही हे त्याच दमात शिकवा. दानिएलाने राजाचे अन्न नाकारले तेही विनंती करून, दहा दिवसांची मुदत मागून (दानिएल १). त्याचा नम्रपणा आपण गोष्ट सांगताना गाळून टाकतो.

७. मुलगा दहावीत आहे. म्हणतो, "मी उपासनेला येणार नाही, मला पटत नाही." ओढून न्यायचं का?

आधी "काय पटत नाही" ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. बऱ्याचदा देवाबद्दल काहीच नसते. मंडळीत कोणीतरी चारचौघांत त्याच्या केसांवरून बोललेले असते, किंवा घरात भांडणारे आईबाप चर्चच्या दारात शिरताच गोड होतात ते त्याला सहन होत नाही. दुसरे कारण असेल तर दुरुस्ती त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

घरचे नियम आणि विश्वास यांची गल्लत करू नका. रात्री नऊनंतर मोबाइल नाही, तंबाखूचा खर्रा नाही, खोटे नाही, हे नियम आहेत. ते तुमच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला लागू. विश्वास ओढून आणता येत नाही. लूक १५ मधला बाप मुलगा निघाला तेव्हा दोर घेऊन मागे धावला नाही. पण तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, म्हणजे नजर वाटेकडेच होती. मी इतके करते: जेवणाआधीच्या प्रार्थनेला त्याने बसायचे, डोळे मिटायचे की नाही ते त्याचे तो ठरवेल.

८. नवरा ख्रिस्ती नाही. लेकरांना विश्वासात कसं वाढवू?

आमच्या सभेतल्या जवळजवळ निम्म्या आयांचा हा प्रश्न आहे. तुम्ही एकट्या आहात असे समजू नका. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता (प्रेषितांची कृत्ये १६:१), आणि त्याच्यातला विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असे पौल नावे घेऊन लिहितो (२ तीमथ्य १:५). नवरा एकत्र राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका, असेही पौलच सांगतो (१ करिंथकरांस ७:१३).

लेकरांना बापाविरुद्ध उभे करू नका. "पप्पांना सांगू नको, आपण चर्चला जाऊन येऊ" हे एकदा केले की लेकरू लपवायला शिकते, आणि तेच पुढे तुमच्याशी करते. नवऱ्याला उघड सांगा: मी रविवारी जाते, लेकरांना नेऊ का? नाही म्हणाला तर भांडू नका, घरी गोष्टी सांगा. गोष्टीला कोणी नाही म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले एक घर नेहमी आठवते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो घाव होता; त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर दोघे एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! आपल्याला पाच आठवड्यांत निकाल हवा असतो.

९. बाप्तिस्मा घेतल्यापासून सासरचे बोलत नाहीत. लग्नाला बोलावत नाहीत. आपणही संबंध तोडावेत का?

तोडू नका. तुमच्याकडून होईल तितके सर्वांशी शांतीने राहा, असे रोमकरांस १२:१८ मध्ये आहे. "तुमच्याकडून होईल तितके" हे शब्द तिथे आहेत म्हणून जीव मोकळा होतो. त्यांच्या बाजूचे माप तुमच्या गळ्यात नाही. तुम्ही कामाला जा. लग्नाचे बोलावणे नसेल तरी आजारपणाला बोलावणे लागत नाही. सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, मयतीला आधी पोचणे, पेरणीच्या दिवसांत एक दिवस त्यांच्या वावरात हात लावणे. एका बहिणीच्या सासऱ्यांनी सहा वर्षांनी पहिला शब्द काढला तो "पाणी दे" हा. तिने मला तो रडत रडत सांगितला.

कर्मकांडात कुठपर्यंत भाग घ्यायचा, याचे उत्तर प्रश्न ६ प्रमाणेच आहे.

१०. मुलगी दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. घराचं दार बंद करू का?

तुमचे मत तिला स्पष्ट सांगा. २ करिंथकरांस ६:१४ तिच्यासोबत वाचा. एकाच प्रभूला मानणारा जोडीदार असावा असे तुम्हाला का वाटते ते स्वतःच्या संसारातल्या उदाहरणाने सांगा. एकदा, नीट, न ओरडता. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा झाला असेल तर कायद्याने निर्णय त्यांचा आहे. विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी होते. आणि दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ खाली लग्न होऊ शकते. वय कमी असेल तर ठाम नाही म्हणा. मुलगा आपल्याच मंडळीतला असला तरी नाहीच म्हणा.

पण दार बंद करू नका. मारहाण, कोंडून ठेवणे, "आमच्यासाठी तू मेलीस" ही भाषा, यांतले काहीही ख्रिस्ती नाही. पुढे तिच्या संसारात काही बिघडले तर तिला परत यायला एक घर लागेल, आणि ते तुमचेच असायला हवे.

११. भावाशी धुऱ्याचं (बांधाचं) भांडण आहे. त्याने माझ्या वावराचे दोन तास (नांगराच्या दोन ओळी) आत घेतले. विश्वासणाऱ्याने कोर्टात जावं का?

शेजाऱ्याच्या शेताची हद्दीची खूण सरकवू नको, असे अनुवाद १९:१४ मध्ये लिहून ठेवले आहे, म्हणजे धुरा कोरणे तेव्हाही चालत होते आणि देवाने ते पाप म्हणूनच मोजले. तुम्हाला राग येतो यात चूक नाही.

आधी एकटे जाऊन भावाशी बोला, मग दोघांना मान्य असलेली एकदोन माणसे घेऊन जा (मत्तय १८:१५-१६). तोंडी वाद घालण्यापेक्षा भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. माझ्या पाहण्यातली अर्धी भांडणे मोजणीचे दगड बसल्यावर विझली, कारण दोघांनाही आपली हद्द नेमकी ठाऊक नव्हती. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहिमेत समित्या झाल्या. तुमच्या गावची समिती जागी असेल तर तिथे बसा.

कोर्टाबद्दल १ करिंथकरांस ६ मध्ये पौल विश्वासणाऱ्यांना विचारतो की त्यापेक्षा नुकसान का सोसत नाही? मात्र तोच पौल स्वतःवर अन्याय झाला तेव्हा कैसराकडे दाद मागतो (प्रेषितांची कृत्ये २५:११). म्हणजे कोर्टाची पायरी चढणे मुळातच पाप नाही. मी लोकांना इतकेच विचारते: त्या दोन तासांवर तुमच्या घराचे पोट आहे का? असेल तर लढा, खोटा साक्षीदार न आणता. आणि फक्त नाक वर ठेवायचे असेल, तर उत्पत्ति १३ वाचा. अब्राहाम थोरला होता, तरी पुतण्या लोटाला म्हणाला, तू आधी निवड.

१२. बाबा वारले. भाऊ म्हणतात, "बहिणींनी हक्कसोड करून द्यावी, प्रेम टिकेल." सही करू का?

सही करायच्या आधी हक्क काय आहे तो समजून घ्या. मृत्यूच्या वेळी वडील ख्रिस्ती होते आणि मृत्युपत्र केलेले नव्हते, तर साधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. आई हयात असेल तर तिचा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या लेकरांत सारखे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, आणि मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही. आदिवासी कुटुंबांत नियम वेगळे असू शकतात. तालुक्याच्या वकिलाला कागद दाखवा.

बायबलमध्येही हे आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशे आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचे वतन मागतात, आणि देव म्हणतो की त्यांचे म्हणणे बरोबर आहे (गणना २७). कोणी त्यांना लोभी म्हटले नाही. तुम्हाला भावासाठी खुशीने सोडायचे असेल तर जरूर सोडा, तो तुमचा मोठेपणा. पण माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला मी प्रेम म्हणणार नाही. भावांनो, बहीण मागायच्या आधी तुम्ही विचारा.

१३. नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतल्या बाया म्हणतात, "प्रार्थना कर, सोसून घे, तुझ्या सोसण्याने तो बदलेल." बायबल खरंच असं सांगतं का?

नाही.

१ पेत्र ३ तुम्हाला वाचून दाखवतील. तिथे पत्नीच्या शुद्ध वागण्याने नवरा जिंकला जाईल असे आहे. मार खाल्ल्याने जिंकला जाईल असे नाही. आणि सातवे वचन नवऱ्याला सांगते की बायकोला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थनेत अडथळा येईल. मारणाऱ्याची प्रार्थना अडते, हे त्याला कोणी वाचून दाखवत नाही.

शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला आणि त्याच रात्री पळाला (१ शमुवेल १९:१०). शौल देवाचा अभिषिक्त आहे हे तो मानत होता, त्याने उलट हात उचलला नाही, पण तो भाल्याच्या टप्प्यात परत जाऊन बसलाही नाही. दिमिष्कात जिवावर बेतले तेव्हा शिष्यांनी पौलाला टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडले. येशूला शिपायाने चापट मारली तेव्हा त्याने विचारले, मला का मारतोस? (योहान १८:२३). निघून जाणे, टोपली धरायला लोक बोलावणे, "का मारतोस" असे विचारणे, हे सगळे बायबलातच आहे.

आता काम. वर्ध्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथल्या बहिणींचेही फोन येतात. कायद्याने दारू थांबेल म्हणून वाट बघत बसू नका. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुम्हाला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, लेकरांचे दाखले एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या.

घटस्फोटाचे विचारतात म्हणून सांगते. ख्रिस्ती लोकांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागतो. त्यात २००१ साली बदल होईपर्यंत बायकोला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नव्हता. आता मिळू शकतो. मंडळ्यांची मते यावर वेगळी आहेत. पण जीव वाचवण्यासाठी वेगळे राहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि मंडळीतल्या बहिणींनो, पुढच्या वेळी "सोसून घे" म्हणण्याआधी तिच्या लेकरांना एक रात्र तुमच्या घरी झोपवा.

१४. क्षमा केली म्हणजे सगळं विसरून पूर्वीसारखं वागायचं का? सत्तर वेळा सात म्हटलंय ना?

म्हटले आहे (मत्तय १८:२२), आणि ते कमी करायचा अधिकार कोणाला नाही. क्षमा म्हणजे सूड सोडणे, हिशेब देवाकडे देणे. ती तुम्ही एकट्याने, समोरच्याने काही न म्हणता करू शकता. नाते परत जुळायला मात्र दोघे लागतात, आणि चुकणाऱ्याने वळायला लागते (लूक १७:३).

योसेफाच्या भावांनी त्याला विकले. पुढे ते धान्य मागायला आले तेव्हा तो आत जाऊन रडला, पण त्याने लगेच ओळख दिली नाही. आधी पाहिले की हे बदलले आहेत का. धाकट्या बन्यामीनला ते तसेच टाकून जातात का. त्यांच्यातला यहूदा बन्यामीनच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफाने तोंड उघडले (उत्पत्ति ४२ ते ४५). पिणाऱ्या माणसाने रविवारी रडून माफी मागितली तर क्षमा आजच करा. घरात परत घेणे सहा महिने न पिल्यावर.

१५. नात्यातल्याच माणसाने लेकराशी वाईट केलं. घरचे म्हणतात, माफ कर आणि कुठे बोलू नको.

प्रश्न ११ मधली "आधी एकटे जाऊन बोला" ही पायरी इथे लागू नाही. १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे ज्याला असे कळले त्याने कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा आहे. त्यातून पाळक सुटत नाही, संडे स्कूलची ताई सुटत नाही.

दावीदाची मुलगी तामार हिच्यावर तिच्या सावत्र भावाने बळजबरी केली, तेव्हा तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद रागावला आणि त्याने काहीच केले नाही (२ शमुवेल १३). त्या गप्प बसण्याने पुढे सगळे घर जळाले. लेकराला आधी हे सांगा: तू खरं बोललीस, तुझी काही चूक नाही. आणि ते पुन्हा पुन्हा सांगा.

१६. कर्ज झालं, पीक गेलं. नवरा म्हणतो, "जगून काय करू?" मी त्याला वचनं ऐकवते, पण तो ऐकत नाही.

एलीया संदेष्टाही झुडपाखाली बसून म्हणाला होता, आता माझा जीव घे (१ राजे १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा भाकर दिली. आज तेवढे करा. आत्महत्या पाप आहे वगैरे बोलू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधे आजच्या आज घरातून आणि वावरातल्या कोठ्यातून दुसरीकडे हलवा. एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे. कर्जाचे कागद उद्या बघता येतील.

१७. बापाने आयुष्यभर पिऊन छळलं. आता म्हातारा झाला, माझ्याच दारात आला. "आईबापाचा मान राख" ही आज्ञा मला लागू आहे का?

आहे. हे मी सहज लिहीत नाही.

मान राखणे म्हणजे झाले ते झाले नाही असे म्हणणे नव्हे, आणि सगळे ऐकणेही नव्हे. मार्क ७ मध्ये येशू ज्यांना रागावतो त्यांनी देवाच्या नावाखाली आईबापाचे पोट मारले होते. म्हणजे मान तिथे अन्न, कपडा, औषध यांत मोजला आहे. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदाही तेवढेच मागतो. प्रेम वाटलेच पाहिजे असे आज्ञेत लिहिलेले नाही. क्षमेबद्दल प्रश्न १४ मध्ये आहे.

माझे वडील शेवटची चार वर्षे माझ्याकडे होते. पहिल्या दिवशीच सांगितले: घरात दारू येणार नाही, हातात पैसा मिळणार नाही, लेकरांवर आवाज चढवायचा नाही. आईबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही, आणि मी वाट बघणे सोडून दिले. सकाळी आंघोळीला गरम पाणी, दोन वेळ भाकर, बीपीची गोळी, रात्री गुडघ्यांना तेल. काही रात्री प्रार्थना करून लावले, काही रात्री दात आवळून. पोळ्याच्या दिवशी हमखास पैसे मागायचे. मी नाही म्हणायचे आणि चहा ठेवायचे.